ओली हळद ड्रमात

हळद शिजायला लागली की मला राग येतो.

आधी यायचा नाही. माघ सरत आला की आमच्या शिवारात जागोजागी हळद शिजवायचे कुकर लागतात. पाण्याची मोठी टाकी, तिच्याखाली भट्टी, आणि टाकीतली वाफ ज्यांत सोडतात ती लोखंडी पिंपं. सकाळी तांड्याच्या उंचवट्यावरून खाली पाहिलं तर चार-पाच ठिकाणांहून पांढरे लोट वर जाताना दिसतात. वास पहिल्यांदा ओल्या मातीचा येतो, मग उकडलेल्या कंदाचा, आणि मग एकदम हळदीचा, जिभेच्या मुळाशी बसणारा. लहानपणापासून मला तो वास आवडायचा. यंदा पहिल्या दिवशी तो आला तेव्हा मी भाकरी थापत होते. भाकरी हातातच फाटली.

एका वासाचा एवढा राग येतो, हे कुणाला सांगायची सोय नाही. सांगायला गेलं तर रविवारपासून सांगावं लागतं.

गेल्या वर्षीची दिवाळी झाली आणि माझी पोरगी रेणुका औंढ्याच्या कॉलेजातून एक कागद घेऊन आली. दर रविवारी दुपारी एका शिकवणीच्या हॉलमध्ये चित्रपट दाखवणार, आणि त्यावर तत्त्वज्ञानाची चर्चा करणार. नवशिक्यांसाठी, कुणीही यावं. शिकवणाऱ्या मृणाल मॅडम औंढ्याच्याच, देवळाच्या मागच्या आळीतल्या. शिकायला पुण्याला होत्या, आता परत आलेल्या. रेणुकाला जायचं होतं, पण परतताना टमटममध्ये एकटी नको म्हणून तिनं मला सोबत ओढलं. मी गेले ते तिची राखण म्हणून.

हॉलच्या भिंतींवर विज्ञानाचे तक्ते होते. खिडक्यांना चादरी बांधल्या होत्या. मी शेवटच्या बाकावर बसले, पदर गुडघ्यांवर ओढून. बाक मुलांच्या मापाचा. चौथी सुटल्यावर मी बाकावर बसले नव्हते. पाचवीचा वर्ग दुसऱ्या गावात होता आणि मधे ओढा होता. पोरींना ओढा लागतो, पोरांना लागत नाही, असं आमच्या घरी ठरलेलं होतं. त्या ओढ्याचाही मला अजून राग आहे. गुडघाभर पाणी असायचं त्याला.

दोन रविवार झाले आणि रेणुका म्हणाली, बारावीचं वर्ष आहे, मला वेळ नाही. तिसऱ्या रविवारी मी एकटी गेले. घरी सांगितलं, नागनाथाला जाते. खोटं बोलले. पण देऊळ त्याच रस्त्यावर आहे आणि बाहेरून हात जोडूनच मी पुढं जात होते, म्हणून मनाला एवढं लागलं नाही. माझ्याबरोबर हळदीच्या कामाला असणारी जिजा मात्र दर सोमवारी छळायची.

"दर रविवारी देवाला गेलीस तरी एवढं मागणं सरत न्हाई," ती म्हणायची. "काय मागून राहिलीस गं?"

मी हसून खाली बघायचे. मला कुणी चार प्रश्न विचारले की मान आपोआप खाली जाते. हा माझा स्वभाव आहे. लग्नात माझं नाव विचारलं तेव्हाही माझ्या बहिणीनं सांगितलं होतं.

त्या हॉलमध्ये मी काय शिकले ते नीट सांगता येईल का, माहीत नाही. एक चित्रपट परक्या मुलखातला होता. एक माणूस आपल्या घराच्या भिंतीला चुना लावतो, एवढंच. भिंतीच्या पलीकडून आवाज येत राहतात, पण पलीकडचं शेवटपर्यंत दिसत नाही. संपल्यावर मॅडमनी विचारलं, पलीकडे कोण आहे? मुलं म्हणाली, त्याचं बालपण आहे, मृत्यू आहे, समाज आहे. मॅडम फळ्यावर लिहीत गेल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझे कान तापले. मी म्हणाले, पलीकडं बाई हाय, तिनं दोनदा भांडी घासली, आणि दुसऱ्यांदा घासली तेव्हा ती रागात होती, भांडी आपटून राहिली होती. मॅडमनी चित्रपट मागे नेऊन परत लावला. डोळे मिटून सगळ्यांनी ऐकलं. भांडी होती. दोनदा होती.

मॅडमनी "भांडी" हा शब्द फळ्यावर मृत्यूच्या वर लिहिला. मग म्हणाल्या, चौकटीत जे दिसतं तेवढ्यावर थांबू नका, चौकटीबाहेर काय ठेवलंय आणि ते कुणी ठेवलंय, हे विचारा. त्या दिवशी त्यांनी वर्गाच्या वहीत माझं नाव घातलं. धुरपता. आतापर्यंत मी सोबत आलेली बाई होते, आता वहीत होते. येताना मी टमटमला हात केला नाही. निम्म्या वाटेपर्यंत चालत आले.

दुसऱ्या एका चित्रपटात जत्रेत हरवलेली लहान मुलगी होती. मोठ्या माणसांची तोंडं दिसतच नव्हती, नुसती धोतरं, गुडघे, हातातल्या पिशव्या. मॅडमनी विचारलं, आपण कुणाच्या डोळ्यांनी बघतोय? कॅमेरा कुठं उभा आहे? मला हे आधी कधी सुचलं नव्हतं. चित्र आपोआप दिसतं असं मला वाटायचं. कुणीतरी एका जागी उभं राहून ते दाखवतं, आणि त्यानं जागा बदलली तर गोष्टच बदलते, हे कळल्यावर मला आठवडाभर चैन पडलं नाही. शेतात वाकल्यावर मी बघायचे, मुकादमाचे बूट दिसतात. तो आमच्याकडं बघतो तेव्हा त्याला पाठी दिसत असतील. एकाच शेतात आम्ही दोन चित्रपट बघत होतो.

मग माघ आला आणि मॅडम म्हणाल्या, आपणही एक छोटा चित्रपट करू, वर्गाचा. विषय हळद. सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मला तेव्हा आनंद झाला, हे आज लिहितानासुद्धा खोटं लिहिणार नाही. खूप आनंद झाला.

तीन दिवस ते शेतात आले. कॅमेरा एका मुलीकडं होता. मी सगळं दाखवलं. पाला कापून कंद कसे उपटतात, गड्डे वेगळे आणि हळकुंडं वेगळी कशी मोडतात, पिंपात कशी भरतात. शिजलेली हळद ताडपत्रीवर पंधरा दिवस उन्हात घालतात, रोज हलवतात, आणि हळकुंड मोडल्यावर कट् असा आवाज आला तरच ती वाळली म्हणतात. मग ड्रममध्ये घालून फिरवतात, त्याला पॉलिश म्हणतात; ते शेजारच्या शेतात दाखवलं, तिथली हळद आधीच वाळली होती. पॉलिशच्या धुरळ्यात बाईची पापणीसुद्धा पिवळी होते. जिजा लांबून बघत होती आणि म्हणत होती, नागनाथानं लईच माणसं पाठवली गं तुज्याकडं.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी मला बाभळीच्या सावलीत बसवलं आणि म्हणाल्या, धुरपताताई, आता तुम्ही बोला. जे वाटेल ते.

मी चाळीस मिनिटं बोलले. कॅमेऱ्यावर आकडे पडतात, त्या मुलीनंच नंतर मला दाखवले. माझ्या आयुष्यात मी एका दमात एवढं कधी बोलले नाही. आईजवळ नाही, नवऱ्याजवळ नाही. मान खालीच होती, पण बोलले. वर्गात एक प्रश्न राहिलेला होता. एखादी गोष्ट खरी आहे हे आपल्याला कशानं कळतं? मुलं म्हणाली होती, डोळ्यांनी पाहिली की. मी म्हणाले, मला हे पटत नाही. कच्ची हळद आणि शिजलेली हळद डोळ्याला जवळजवळ सारखीच दिसते. फेस येतो, वास येतो, तरी माणूस फसतो. हळकुंडात काडी खुपसायची. काडी अडली तर कच्ची, आरपार गेली तर शिजली. म्हणजे नुसतं बघून काही कळत नाही, हात घालावा लागतो. मग तुम्ही जे पडद्यावर दाखवता त्यात काडी कुठं घालायची? असं मी मॅडमना विचारलं. मला ते दिवसच्या दिवस सुचत होतं, हळकुंडं मोडता मोडता. त्या दिवशी तोंडातून बाहेर आलं. आणखीही बरंच बोलले. ओढ्याचं बोलले. मुकादमाच्या बुटांचं बोलले. रेणुकाचा पेपर चालू असताना माझे हात पिवळे असतात आणि तिचे निळे, त्याचंही काहीतरी बोलले, ते आता नीट आठवत नाही.

हेच तर आहे. आठवत नाही.

चैत्रात चित्रपट दाखवला. हॉल भरला होता. मी घरी खरं सांगितलं होतं की इतके रविवार मी कुठं होते. नवरा दोन दिवसांनी म्हणाला, शिकून राहिली होतीस तर सांगायचं, मी काय नको म्हणालो असतो? म्हणाला असता की नाही, देव जाणे. जिजाला आणि कामावरच्या बायकांना मी बोलावलं. त्या नवी लुगडी नेसून आल्या आणि तिसऱ्या रांगेत दाटीवाटीनं बसल्या. मी जिजाला सांगितलं होतं, मी बोलते त्यात. ती म्हणाली होती, तू? बोलतीस? मग तर यायलाच पायजे.

पडद्यावर नाव आलं, "मुकी हळद".

मी वाट बघत बसले. वाफ आली. माझे हात आले. माझी पाठ आली. बासरी वाजत होती, कोणी मेल्यावर वाजवावी तशी. माझा चेहरा आला, मोठा, सगळ्या भिंतीएवढा, खाली बघणारा. तो बाभळीखालचा चेहरा होता. ओठ हलायच्या आधीचा आणि ओठ मिटल्यानंतरचा. मधले ओठ नव्हते. मी पुढच्या चित्राची वाट बघितली. पुन्हा वाफ आली. मग मी वरून दिसले, लहान, वाकलेली, किड्यामुंगीसारखी. कॅमेरा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवला होता तेव्हाचं. कॅमेरा कुठं उभा आहे हे मला लगेच ओळखू आलं. आणि शिजवलेली हळद पिंपातून बाहेर पडली, तिच्यातून पाणी गळत होतं, आणि लगेच पुढच्या चित्रात ती ड्रममध्ये गरगर फिरायला लागली.

जिजा मोठ्यानं हसली. "ओली हळद ड्रमात? आता लगदा व्हईल की मायबाई."

सगळ्या बायका हसायला लागल्या. पंधरा दिवसांचं वाळवण कापून टाकलं होतं. त्यांना बाकी काही कळलं नसेल, पण काम चुकलेलं कळलं. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली, कारण तिथं बासरी रडत होती आणि ह्या हसत होत्या. मला जिजाला मिठी मारावीशी वाटली. त्या हॉलमध्ये चित्रपटात काडी खुपसणारी ती एकटीच होती.

सात मिनिटांत संपला. नावं आली. वर्गातल्या प्रत्येकाचं नाव आलं, कॅमेरा, संकलन, कल्पना. शेवटी आलं, "आभार: हळद कामगार महिला". धुरपता कुठंच नव्हती. टाळ्या झाल्या. बाहेरगावाहून आलेले एक पाहुणे उठून म्हणाले की या स्त्रीचं मौन फार काही बोलून जातं. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मी तिथंच होते. मला कुणी विचारलं नाही. मौनाला कोण कशाला विचारेल?

सगळे पांगल्यावर मी मॅडमजवळ गेले. मी विचारलं, माझं बोलणं कुठं गेलं? त्यांनी माझा हात हातात घेतला. त्या चांगल्या आहेत. वाईट असत्या तर सोपं झालं असतं. त्या म्हणाल्या, तुमच्या चेहऱ्यावरच सगळं आलंय, शब्दांची गरज उरली नाही. मग म्हणाल्या, "आणि ताई, खरं सांगू? तुम्ही फार चांगलं बोललात. इतकं चांगलं, की लोकांना वाटलं असतं आम्हीच तुम्हाला शिकवून बोलायला लावलंय."

"तुमीच शिकवलं की, मॅडम," मी म्हणाले. "शिकायलाच येत होते ना मी?"

त्या खिडकीवरची चादर सोडायला लागल्या. निघताना ओल्या हळदीचं विचारलं, तर म्हणाल्या, चित्रपटात काळ असा कापावाच लागतो. असेल. पण कापताना काय जातं हे ज्यानं वाळवण घातलंय त्याला विचारून कापावं. महिन्याभरानं रेणुकाबरोबर निरोप धाडला, ती चाळीस मिनिटं मला द्या, मोबाईलवर टाकून द्या. उत्तर आलं की कार्डात जागा नव्हती, नको असलेलं पुसून टाकलं.

नको असलेलं.

वर्षभर मी हा राग घेऊन फिरले. चूल पेटवताना होता, पेरणीत होता, रेणुकाच्या निकालाच्या पेढ्यातही होता. आणि त्यातली सगळ्यात जाळणारी गोष्ट ही की मॅडमनी शिकवलं नसतं तर मला राग आला नसता. दोन वर्षांपूर्वी मी तोच चित्रपट पाहिला असता तर म्हणाले असते, बघा, माझा फोटो किती मोठा आला. घरी येऊन सगळ्यांना सांगितलं असतं. चौकटीबाहेर काय ठेवलंय ते विचारा, हे त्यांचंच वाक्य. कुणी ठेवलंय ते विचारा, हेही त्यांचंच. मला त्यांनी धार लावून दिली आणि मग मला वाफेत उभं करून म्हणाल्या, गप्प छान दिसता. उपकार आणि अपमान एकाच हातातून आला की माणसानं तो हात धरावा की झटकावा, हे तत्त्वज्ञान कुठल्या रविवारी शिकवतात?

आमच्याकडं बाई गप्प बसली की लोक तिला खोल समजतात. सासरचे समजतात, मुकादम समजतो, आता चित्रपटवालेही. मी गप्प असते कारण मला लाज वाटते, कारण तांड्याबाहेर बोलताना माझी मराठी अडखळते, कारण बोलले तर कोण ऐकणार हे मला माहीत नसतं. त्यात खोल काही नाही. विहीर असती तर पाणी लागलं असतं. ते नुसतं बंद दार आहे. आणि एकदा मी ते उघडलं होतं, चाळीस मिनिटं, तर त्यांनी ते बाहेरून लावून घेतलं आणि दाराचा फोटो काढला.

यंदाच्या दिवाळीनंतर वर्ग परत सुरू झाला. मी गेले नाही. मग कुकर लागले, वास आला, भाकरी फाटली. आणि त्याच आठवड्यात रेणुकाकडं मॅडमचा निरोप आला. नवी मुलं आहेत, रविवारी त्यांना "मुकी हळद" दाखवणार आहे, ताईंना घेऊन ये, मुलांना त्यांना भेटायचंय. रेणुका म्हणाली, जाऊ नको, आई. मी जाणार नव्हतेच. शनिवारी दिवसभर हळकुंडं मोडली. रविवारी सकाळी हात धुतले, निघाला तेवढा पिवळा रंग काढला, आणि टमटममध्ये जाऊन बसले.

हॉल तोच, तक्ते तेच, चेहरे नवे. मॅडमनी मला पुढच्या खुर्चीवर बसवलं. मुलं माझ्याकडं बघत होती, जशी देवळात कोरलेल्या बाईकडं बघतात. चादरी ओढल्या. नाव आलं. बासरी सुरू झाली.

मी उठले. कशी उठले ते मला सांगता येणार नाही. बोलले ते पहिल्यांदा कुणाला ऐकूच गेलं नाही. दुसऱ्यांदा म्हणाले, "मॅडम, बासरी बंद करा." त्यांना वाटलं आवाज मोठा झाला. मी म्हणाले, "न्हाई. सगळाच बंद करा. चित्र राहू द्या."

मॅडमनी आवाज बंद केला. का केला, मला माहीत नाही. कदाचित त्या वर्षभर त्याचीच वाट बघत असतील, कदाचित नुसत्या दचकल्या असतील. मी पडद्याच्या बाजूला उभी राहिले. माझ्या खांद्यावर वाफ पडत होती. मान खालीच होती, मुलांचे पाय दिसत होते, चपला, बूट. मी म्हणाले, हिचं नाव धुरपता. ही मागच्या वर्षी ह्या वर्गात शिकत होती, तुमच्यासारखी. हे चित्र जिथून काढलं ती ट्रॉली होती. इथं ही बोलत होती. काय बोलत होती ते यात न्हाई. आता बघा, ही हळद ओली हाय आणि पुढं ती ड्रमात दिसंल. कामाच्या बायका ह्याच्यावर हसल्या होत्या. त्या काहून हसल्या ते आधी ऐका.

मागच्या वर्षीचं बोलणं परत आलं नाही. मी आठवून पाहिलं, उभी असतानाच, पण ते गेलं ते गेलं. पुसलेलं परत येत नाही आणि त्याची माफी मी मॅडमना दिलेली नाही, त्या दिवशीही नाही. जे आलं ते दुसरं होतं. जास्त कडू होतं, अडखळत होतं, मधे एकदा मराठी शब्द सुचला नाही तेव्हा मी तांड्यावरच्या, घरच्या बोलीतलाच शब्द वापरला आणि पुढं गेले. एका मुलीनं वही उघडली. मॅडम मागं जाऊन शेवटच्या बाकावर बसल्या होत्या.

सात मिनिटं झाली. नावं वर गेली, आभार गेले, आणि पडदा निळा झाला. कुणीतरी चादर बाजूला सारायला उठलं. मी म्हणाले, "बसा. माझं व्हायचंय अजून."